सैंधव खा हो, पण आयोडीनवालं मीठ घरातून काढू नका

नमस्कार मंडळी! हे बघा, माझ्यासमोर दोन वाट्या आहेत. ह्या वाटीत गुलाबी सैंधव, म्हणजे आपल्या आज्या ज्याला शेंदेलोण म्हणायच्या ना ते, आणि ह्या दुसरीत आपलं रोजचं पुडीतलं पांढरं मीठ. आज ह्यावर बोलायचंय कारण मागच्या महिन्यात मी बहिणीकडे गेले होते, तिला पाचवा महिना चालू होता, आणि तिच्या सासूबाईंनी अगदी प्रेमापोटी घरातलं सगळं पांढरं मीठ काढून टाकलेलं, केमिकल असतं म्हणून, भाजी आमटी कणीक सगळ्यात फक्त सैंधव. मी ते ऐकलं आणि मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. का ते सांगते.

आधी नावांचा गोंधळ मिटवूया, कारण दुकानात बरेच जण खडे दिसले की सैंधव समजून घेतात. सैंधव हे खाणीतलं मीठ, आपल्याकडे बरीच वर्षं यायचं ते मुख्यतः पाकिस्तानातल्या पंजाबात खेवड्याची मोठी खाण आहे तिथलं. मिठागरातलं जाडं मीठ वेगळं, ते समुद्राचं. आणि काळं मीठ म्हणजे पादेलोण, ते आणखी वेगळं.

आता मेन गोष्ट. सैंधव असो की पांढरं, दोन्ही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच आहे, सैंधवात साधारण ९७-९८ टक्के. तो गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साईडचा. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत थोडं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम असतं, हो असतं, पण तुम्ही दिवसाला मीठ खाणार किती? एका बाजरीच्या भाकरीत त्याच्या कितीतरी पट मॅग्नेशियम मिळतं. म्हणून बीपीवाल्यांनी सैंधव आहे म्हणून हात सैल सोडू नका, प्लीज. जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात भाजी, लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. खडे जाड असले की चमच्यात कमी मावतात, मग अळणी लागतं, मग आपण वरून अजून घालतो, हे पण बघा.

मग फरक कुठे आहे? आयोडीनमध्ये. पुडीतल्या मिठात पोटॅशियम आयोडेट घातलेलं असतं, आणि आपल्या घरी पोचेपर्यंत एका किलोत निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असायलाच हवं असा नियम आहे. साध्या सैंधवात ते नसल्यासारखंच. आणि समुद्राचं मीठ आहे म्हणजे आयोडीन असणारच असं खूप जणांना वाटतं, तसं नाहीये, मासळीत असतं पण मिठागरातल्या मिठात नाममात्र.

हे घालायची वेळ का आली तर १९५६ साली हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात वैद्यकीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक काम सुरू केलं. तिथे गलगंड घरोघरी होता, पावसापाण्याने जमिनीतलं आयोडीन वाहून गेलेलं, त्यामुळे पिकातही नाही आणि पोटातही नाही. त्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले, दोन भागांत आयोडीनवालं मीठ दिलं, एका भागात साधंच. काही वर्षांत त्या दोन भागांत गलगंड स्पष्ट कमी झाला, मग तिसऱ्या भागातही आयोडीनवालं सुरू केलं आणि तिथेही कमी झाला. १९६२ मध्ये देशपातळीवर गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला तो ह्याच कामाच्या जोरावर. मला हे काम फार मोठं वाटतं, इतकी साधी गोष्ट आणि एवढी माणसं वाचली.

पण गळ्याची गाठ निदान दिसते तरी. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ थायरॉईडच्या हार्मोनवर चालते, आणि ते हार्मोन बनायला आयोडीन लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त लागतं नेमकं तेव्हाच बहिणीच्या घरात ते बंद झालेलं! थायरॉईडची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, मनाने मीठ बदलू नका.

मी सैंधवाच्या विरोधात नाहीये हां. उपासाला तेच घ्या, ताकात, कोशिंबिरीत छान लागतं, आमच्याकडे पण आहे. हल्ली काही पुड्यांवर सैंधव आणि आयोडाइज्ड दोन्ही लिहिलेलं असतं, तेवढं वाचून घ्या. रोजच्या आमटी-भाजीला मात्र आयोडीनवालं, आणि ते उकळत बसू नका, शेवटी घाला, कारण उष्णतेने थोडं आयोडीन उडतं. बरणी घट्ट झाकणाची, गॅसशेजारी नको, ओला चमचा तर नकोच नको.

बहिणीच्या सासूबाईंना मी हे सगळं ओट्यापाशी बसूनच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, नातवाचं म्हणजे बाळाचं नाव निघाल्यावर लगेच म्हणाल्या, अगं मग आधी का नाही सांगितलंस, आणि संध्याकाळी स्वतः जाऊन पुडी घेऊन आल्या. सैंधवाची बरणी आता त्यांच्या उपासाच्या कप्प्यात आहे, साबुदाण्याशेजारी.