सकाळचं औषध, दुपारची शिंदी

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'शिंदीचे पारंपरिक औषधी उपयोग', वेळ पाऊण तास, त्यातली दहा मिनिटं माइकनेच खाल्ली. शिंदी हे झाडाचंही नाव नि त्याच्या रसाच्या दारूचंही, त्यामुळे शिंदी म्हटल्यावर मागच्या रांगेत जे हसू फुटलं ते मी पाहिलंय हं!

ओढ्याकाठी, बांधावर आपोआप येणारं हे काटेरी झाड, खजुराचं रानटी भावंड. लक्ष्मीपूजनाला जी केरसुणी आपण हळदकुंकू लावून पुजतो ना, ती याच्या पानांचीच. म्हणजे झाडाचा झाडू चालतो, रस म्हटला की नाक मुरडायचं.

तर कॉलेजात असताना आम्ही डहाणूकडे झाडांचे नमुने गोळा करायला गेलो होतो, डिसेंबर, पहाटेचे सहा, दात वाजतायत, आणि एक वारली काका कमरेला कोयता लावून शिंदीवर चढलेले. उतरल्यावर मी विचारलं, काका, किती वर्षं रस काढताय या झाडाचा? म्हणाले, खाचा मोज. मग दिसलं, शेंड्याजवळ पानं सोलून खोडाला खाच देतात, यंदा या अंगाला तर पुढच्या साली त्या अंगाला, त्यामुळे अख्खं खोड नागमोडी. मी मान वर करून बावीस मोजल्या. मग त्यांनी पेलाभर रस दिला नि म्हणाले, लगेच पी, औषध आहे. आणि मी शहाणा, पेला दगडावर ठेवून वही काढली! झाडाची उंची लिही, पानाची लांबी लिही, यात ऊन वर आलं. नऊच्या सुमाराला पेला उचलला तर काकांनी तो हातातून घेतला, हुंगला, हसले. "औषध गेलं. आता ही शिंदी."

माझं सगळं म्हणणं त्या वाक्यात आहे. हवेतलं यीस्ट रसातली साखर खातं नि दारू करतं, म्हणून मडक्याला आतून चुना लावतात, आंबणं लांबतं, थांबत नाही. औषध झाडात जेवढं आहे तेवढंच घड्याळातही आहे.

आणि आपण काय करतो? एका स्टॉलवर, नाव नाही घेत, पाटी होती 'नीरा, मधुमेहावर गुणकारी'. नीरा म्हणजे हाच रस, न आंबलेला. आमचे मामा महिनाभर रोज दोन ग्लास, तेही सकाळी अकराला, बर्फ घालून! अहो, ताज्या नीरेत दहा टक्क्यांच्या आसपास साखर असते, तीही बहुतेक उसातलीच जात. मामांची शुगर कुठे गेली ते विचारू नका, मामी अजून माझ्याशीच भांडते, मी बॉटनीवाला ना.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो. लघवीला जळजळ झाली की पहाटेची नीरा, दाढ ठणकली की मूळ चघळायचं, परम्यावर, म्हणजे एका गुप्तरोगावर, शेंड्यातला कोवळा गाभा, पण गाभा काढला की झाड मेलं, शिंदीला दुसरा शेंडा नसतो, म्हणून ते औषध उठसूट कोणी देत नसे. घामोळ्यांवर ताडगोळ्याची साल चोळतात, पण ताड वेगळा, भावकीतला. यातलं लॅबमध्ये किती टिकतं त्यावर बोलायचं होतं, ते राहिलंच. जळजळ दोन दिवसांत थांबली नाही तर सरळ डॉक्टरकडे जा, एवढं मात्र ऐका.

आयोजकांनी बाहेर नीरा ठेवलीये म्हणे. आत्ता संध्याकाळचे साडेसात वाजलेत. कधी काढली ते आधी विचारा, आणि उत्तर देताना कोणी चाचरलं तर चहा घ्या.