एक जानेवारीचं पसाडिना

श्रोतेहो, नमस्कार.

ओहायो राज्यातलं कोलंबस शहर. एक जानेवारी, संध्याकाळचे पाच. बाहेर अंधारून आलंय, झाडांवर पान शिल्लक नाही, आणि शेजारच्या आजोबांच्या टीव्हीवर मात्र लख्ख ऊन पडलंय. कॅलिफोर्नियातल्या पसाडिनाचं, दुपारी दोनचं ऊन. हिरवंगार मैदान, मागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर. सामना संपत येतो तसे ते डोंगर आधी सोनेरी आणि मग जांभळट होत जातात. रोज सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडणाऱ्या माणसांना ते बघून काय वाटत असेल, याची कल्पना करा! मी तिकडे राहत होतो तेव्हा या आजोबांच्या सोफ्यावर बसूनच अमेरिकी कॉलेज फुटबॉल शिकलो. हे फुटबॉल आपल्याकडचं नव्हे बरं का. पायाचा संबंध नावापुरता, बाकी सगळी हातघाई.

त्या सामन्याचं नाव रोझ बाऊल. पहिला झाला 1902 साली. मिशिगनने स्टॅनफर्डला 49-0 असं धुतलं, आणि आठ मिनिटं शिल्लक असताना स्टॅनफर्डने हात टेकले. आयोजकांनी असा धसका घेतला की पुढे बरीच वर्षं फुटबॉल बंद करून चक्क रथांच्या शर्यती ठेवल्या! 1916 मध्ये फुटबॉल परत आलं. मुळात हा सगळा गुलाबांच्या मिरवणुकीचा उत्सव. 'बघा, आमच्याकडे भर थंडीत फुलं फुलतात' हे गारठलेल्या लोकांना दाखवायचं, आणि त्या निमित्ताने चार पाहुणे गावात आणायचे. पुढे मियामीने ऑरेंज बाऊल काढला, न्यू ऑर्लिन्सने शुगर, डॅलसने कॉटन. थोडक्यात, बाऊल म्हणजे मोसम संपल्यावर संघांना बोलावून खेळवलेला सामना, जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडासारखा. मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी, आणि त्याआधी रेवड्यांवरच्या कुस्त्याही तितक्याच हौसेने लागणार. त्यातून केसरी कोण ते ठरत नाही, आणि ठरावं अशी कुणाची अपेक्षाही नसते.

घोळ झाला तो इथेच. सव्वाशेहून जास्त संघ, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम डझनभर सामने, आणि देशाचा विजेता कोण हे ठरवणार पत्रकार आणि प्रशिक्षक. तेही मतं देऊन! पत्रकारांची यादी 1936 पासून निघते. त्यात कित्येक वर्षं तर अखेरचं मतदान बाऊल सामने व्हायच्या आधीच उरकलं जायचं. म्हणजे निकाल आधी आणि परीक्षा मागाहून.

1997 चा मोसम घ्या. मिशिगन एकही सामना हरलं नाही, नेब्रास्काही हरलं नाही. दोघांना समोरासमोर उभं करा, विषय संपला. पण मिशिगनच्या गटाचा विजेता रोझ बाऊललाच जाणार, असा कराराचा शिरस्ता होता, तो 1947 पासूनचा. मिशिगन गेलं पसाडिनाला, नेब्रास्का गेलं मियामीला. दोघंही जिंकले. पत्रकारांनी मिशिगनला विजेता म्हटलं, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. आजोबा कोलंबसच्याच ओहायो स्टेटचे, म्हणजे मिशिगनच्या हाडवैऱ्याचे कट्टर, त्यामुळे मिशिगनचं नाव निघालं की कपाळाला आठ्या. पण या एका बाबतीत तेही म्हणायचे, 'एकमेकांशी खेळलेच नाहीत, मग श्रेष्ठ कोण हे कुणाला कळलं?'

म्हणून प्लेऑफ, म्हणजे हरला तो बाहेर अशा फेऱ्या हव्यात, ही मागणी मला तेव्हाही पटत होती आणि आजही पटते. 1998 पासून पहिल्या दोघांची गाठ घालायला लागले, 2014 पासून चौघांचा प्लेऑफ आला, 2024 पासून बारा जणांचा.

पण मतदान गेलं का? अजिबात नाही. आता एक समिती बंद खोलीत बसून मतं देते, एवढाच फरक. 2023 मध्ये फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले, आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं, तरी समितीने त्यांना चौघांत घेतलं नाही. कारण काय, तर त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळी चाल रचणारा मुख्य खेळाडू, जायबंदी झालाय, संघात आता पूर्वीचा जोर नाही. म्हणजे पोराने पेपर चांगले लिहिले, पण पुढच्या वर्षी नापास होईल असं वाटतं म्हणून आत्ताच नापास! त्या हिरमुसल्या संघातले बरेच खेळाडू बाऊलमध्ये उतरलेच नाहीत, आणि जॉर्जियाने त्यांचा 63-3 असा फडशा पाडला. आता जागा बारा झाल्या, तर भांडण पाचव्या नंबरावरून तेराव्यावर गेलं. 2025 च्या डिसेंबरमध्ये नोत्र दाम बाहेर राहिलं, तेव्हा त्यांनी कुठलाच बाऊल खेळणार नाही म्हणून सांगून टाकलं.

ही गोष्ट मला खटकते. बारा संघांच्या प्लेऑफमध्ये अकरा संघ हरूनच घरी जातात. बाऊलमध्ये मात्र दर सामन्यागणिक एक संघ मोसमाचा शेवट जिंकून करतो. सहा जिंकले, सहा हरले असल्या साध्यासुध्या संघातली शेवटच्या वर्षाची पोरं, ज्यांना पुढे व्यावसायिक संघात कुणी घेणार नाही, त्यांना तो एक दिवस मिळतो. लोक अशा बाऊलांना हसतात. हसा खुशाल! फ्लोरिडात पॉप-टार्ट्स नावाच्या, टोस्टरमध्ये भाजून खायच्या खाऊच्या कंपनीचा बाऊल असतो. 2023 मध्ये सामना संपल्यावर मैदानावर एक भलामोठा टोस्टर आणला. सामनाभर नाचणारा, खाऊच्या वेषातला त्यांचा बाहुला हात हलवत त्या टोस्टरमध्ये उतरला, आणि खालच्या फटीतून खरोखरीचा, अवाढव्य भाजलेला पॉप-टार्ट बाहेर आला. जिंकलेल्या कॅन्सस स्टेटच्या धटिंगणांनी तो हातांनी तोडून खाल्ला. या सामन्याने देशाचा विजेता ठरला नाही. नाही तर नाही!

माझं मत विचाराल तर प्लेऑफ राहू दे, पण तो कॉलेजांच्या आपापल्या मैदानांवर खेळा, थेट अंतिम सामन्यापर्यंत. 2024 च्या डिसेंबरात पहिली फेरी तशी झालीच. कोलंबसच्या कडाक्याच्या थंडीत ओहायो स्टेटने टेनेसीला 42-17 ने हरवलं. आजोबा दोन पायमोजे घालून स्टेडियममध्ये हजर होते. तीन आठवड्यांपूर्वी याच मैदानावर मिशिगनकडून 13-10 ने हरल्यावर त्यांनी दारावरचा झेंडा उतरवून ठेवला होता. पूर्वीच्या हिशोबाने मोसम तिथेच बुडाला असता. आता झेंडा परत चढला, आणि आठव्या मानांकनाचा तोच संघ पुढे 20 जानेवारीला विजेताही झाला. प्लेऑफची ही कमाई मी नाकारत नाही. फक्त ते बाऊल या गाड्याला जुंपू नका. विशेषतः रोझ बाऊल.

कारण त्या वर्षी रोझ बाऊल ही नुसती उपांत्यपूर्व फेरी होती. इथे पुण्यात पहाटे साडेतीनला उठून मी सामना लावला. दुसऱ्या क्वार्टरमध्येच ओहायो स्टेट 34-0 ने पुढे, शेवटी ओरेगनवर 41-21 असा विजय. आजोबांच्या तरुणपणी गावाने रात्रभर झोपू नये असा हा निकाल. मी आनंदाने फोन लावला.

"हं, बरं झालं," ते म्हणाले. "आता दहा तारखेला टेक्सस."

मी विचारलं, "आणि डोंगर? या वेळी कसे दिसले?"

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "बघायचे राहिले रे. मी टेक्ससचे आकडे बघत बसलो होतो."