हरणाची वार

नमस्कार, श्रोतेहो. मी गुराढोरांचा डॉक्टर. आज तुमच्याशी वारेविषयी बोलायचंय, म्हणजे पोटातल्या पिल्लाला आईशी जोडणाऱ्या आणि व्याल्यावर बाहेर पडणाऱ्या अवयवाविषयी. गोठा पाहिलेल्यांना वार काय ते सांगायला नको. आपल्या आरेच्या तबेल्यात म्हैस व्याली की मालक वार पडेपर्यंत तिथून हलत नाही, आणि पडली की लगेच उचलून पुरतो, म्हशीला तोंड लावू देत नाही. तिथून जवळच, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, चितळाची मादी मात्र आपली वार स्वतःच खाऊन टाकते. पाडसाला चाटूनपुसून कोरडं करते. बिबट्याच्या रानात रक्ताचा वास मागे ठेवून चालत नाही.

माणसाची वार म्हणजे एक सपाट चकती, आणि आईचं रक्त थेट तिच्यात खेळतं. रवंथ करणाऱ्या जनावरांचं तसं नाही. त्यांच्या गर्भाशयाच्या आतल्या भिंतीला ठिकठिकाणी उंचवटे असतात, गर्भाच्या बाजूने मऊ झुबके येऊन त्यांत रुततात, आणि दोन्ही मिळून एकेक गाठ होते. गाईत अशा 70 ते 120 गाठी. हरणांत बहुधा 4 ते 12 एवढ्याच, पण एकेक चांगली मोठी. गाडीखाली आलेल्या गाभण चितळ मादीचं शवविच्छेदन करताना हे नीट दिसतं. गाठ हलक्या हाताने सोडवत गेलं की हातमोज्यातून बोटं निघावीत तसे गर्भाचे झुबके आईच्या खळग्यांतून निघत येतात. आईचं अस्तर बहुतांशी जागच्या जागी राहतं. दोन्ही जीव एकमेकांना इतके खेटलेले, तरी रक्ताला रक्त कुठेच लागलेलं नाही.

बोरिवलीच्या त्याच उद्यानात पिसोरीही आहे, हरणासारखं दिसणारं, रवंथ करणारं एक चिमुकलं जनावर. वजन जेमतेम 3 किलो, शिंगं नाहीत, नराला सुळे, आणि पोटाला चारऐवजी तीनच कप्पे. मुंबईकरांपैकी फार थोड्यांनी तिला पाहिलं असेल, कारण ती रात्री फिरते आणि पाचोळ्यात दिसत नाही. पिसोरीच्या कुळात वारेला गाठीच नसतात. ती गर्भाशयाच्या भिंतीभर पसरलेली असते. रवंथ करणाऱ्यांच्या वंशात या कुळाची फांदी सगळ्यांत आधी फुटली. म्हणजे गाठींची रचना नंतर आली, असं मानायला चांगला आधार आहे.

आता संप्रेरकांकडे येऊ. गाभणपण टिकतं ते प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावर, आणि ते सुरुवातीला येतं अंडाशयातल्या पीतपिंडातून, म्हणजे अंडं सुटल्यावर त्या जागी तयार होणाऱ्या पिवळसर ग्रंथीतून. माजाच्या दर फेऱ्यात गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य सोडून हा पीतपिंड जिरवून टाकतं. गर्भ राहिला असेल तर ते थांबवायला हवं, आणि तो निरोप गर्भ स्वतः देतो. इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन तो सोडतो. गाईत साधारण सोळाव्या-सतराव्या दिवशी. त्या वेळी तो अजून भिंतीला चिकटलेलाही नसतो, नुसता लांब, पातळ धागा असतो. विल्यम हार्वे, रक्ताभिसरण उलगडणारा इंग्रज वैद्य, याने राजाच्या शिकारीतल्या हरिणींची गर्भाशयं समागमानंतर उघडून पाहिली. आठवडेच्या आठवडे त्याला आत काहीच सापडलं नाही. 1651 साली त्याने ते तसंच लिहून ठेवलं. तो धागा डोळ्यांना दिसणं किती अवघड, हे ज्याने स्वतः शोधलाय त्यालाच कळेल!

पुढे वार स्वतः कामाला लागते. शेळीला पीतपिंड शेवटपर्यंत लागतो. मेंढीत मात्र पन्नासेक दिवसांनी वारच पुरेसं प्रोजेस्टेरॉन करू लागते. वारेच्या बाहेरच्या थरात दर पाच-सहा पेशींमागे एक पेशी दोन केंद्रकांची असते. ती आपली जागा सोडून आईच्या बाजूला सरकते, तिथल्या पेशीत मिसळून जाते आणि सोबत आणलेली संप्रेरकं आणि प्रथिनं तिकडे रिकामी करते. गाठी नसलेल्या पिसोरीच्या कुळातही अशा पेशी आहेत. यांतलीच काही प्रथिनं आईच्या रक्तात उतरतात. गाय-म्हैस गाभण आहे का, हे महिन्याभरात रक्तावरून सांगता येतं ते त्यांच्यामुळे.

रानातल्या हरणाचं रक्त मात्र काढायचं कसं? धरपकडीच्या धसक्यानेच हरणं मरतात, हे मी पाहिलंय. म्हणून लेंड्या. प्रोजेस्टेरॉनचे अवशेष लेंडीत उतरतात. ताजी लेंडी गोळा करायची, गोठवायची, प्रयोगशाळेत मोजायची. हैदराबादच्या लॅकोन्स या, दुर्मिळ प्राण्यांच्या संवर्धनावर संशोधन करणाऱ्या संस्थेने तिथल्या नेहरू प्राणिसंग्रहालयाबरोबर 2010 पासून पिसोरीचं प्रजनन करताना याच वाटेने काम केलं. मला ही पद्धत मनापासून पटते, कारण जनावराला हात लागत नाही.

आणि हात न लावण्याविषयीच मला आज तुम्हाला कळकळीने सांगायचंय. वारेत रक्ताला रक्त लागत नाही, म्हणून आईची रोगप्रतिकारक द्रव्यं पाडसापर्यंत जातच नाहीत. आपल्या बाळाला ती जन्माआधीच मिळतात. पाडसाला मिळतात ती फक्त चिकातून. खरवसाचा तोच चीक. पाडसाचं आतडं ती द्रव्यं जेमतेम पहिला एक दिवस शोषतं, मग ते दार बंद होतं. त्यामुळे गवतात एकटं, निपचित बसलेलं पाडस ‘आईने टाकलं बिचाऱ्याला’ म्हणून घरी नेलंत, तर पिशवीचं दूध कितीही प्रेमाने पाजा, ही उणीव भरून निघत नाही. आई मुद्दामच लांब चरत असते आणि पाजायला परत येते. तुम्ही तिथे उभे राहिलात तर येत नाही.

पाडस जखमी असेल, किंवा कुत्री मागे लागली असतील, तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक फिरवा. जागा नीट सांगा, कुत्र्यांना लांबूनच हाकला, आणि वनविभागाची माणसं येईपर्यंत त्याला पाणी-दूध काही पाजू नका.