प्लेटलेट्सच्या आडोशाने पसरणारा कर्करोग

विळीवर भाजी चिरताना बोट कापते, रक्त ओघळते आणि काही मिनिटांत आपोआप थांबते. ते थांबवणाऱ्या प्लेटलेट्सची आठवण आपल्याला एरवी डेंग्यूच्या साथीतच होते. अवघ्या दोन-तीन मायक्रोमीटरच्या, केंद्रक नसलेल्या या बिंबिका रक्तात सात ते दहा दिवस जगतात. मात्र जखम बुजवण्याचे त्यांचे हेच कौशल्य कर्करोगाच्याही उपयोगी पडते.

शिरांमध्ये वारंवार गुठळ्या होत असतील, तर शरीरात कर्करोग दडलेला असू शकतो, हे पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये मांडले. पुढे त्यांच्या स्वतःच्या शिरेत तशीच गुठळी झाली, तिचा अर्थ त्यांनी ओळखला आणि १८६७ मध्ये जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. ही हकिगत कितीही वेळा वाचली तरी मन हेलावते.

मूळ गाठीपासून सुटून रक्तात उतरलेल्या पेशीचा निभाव लागणे कठीण असते, कारण प्रवाहाचा जोर तिला फाडू शकतो आणि रोगप्रतिकारक मारक पेशी तिच्या मागावर असतात. पण तिच्या पृष्ठभागावरील काही रेणूंमुळे रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते आणि जणू जखमच झाली आहे अशा समजुतीने प्लेटलेट्स धावून येऊन तिला चिकटतात. त्यांच्या आवरणाखाली ती मारक पेशींच्या नजरेतून निसटते. एवढ्यावरच हे थांबत नाही. प्लेटलेट्समधून पाझरणारा टीजीएफ-बीटा हा घटक मारक पेशींना दुबळे करतो, शिवाय कर्कपेशीला अधिक चंचल आणि आक्रमक बनवतो. मग फुप्फुसासारख्या अवयवातील रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून पलीकडे शिरणे तिला सोपे जाते. उंदरांमधील प्लेटलेट्स कमी केल्या असता फुप्फुसांत पसरणाऱ्या गाठीही कमी झाल्या, असे अमेरिकेतील प्रयोगांत १९६८ मध्येच दिसले होते.

म्हणूनच ॲस्पिरिनकडे लक्ष वळले. प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटायला मदत करणारा त्यांच्यातील एक विकर (एन्झाइम) ते कायमचा निकामी करते आणि केंद्रकाअभावी प्लेटलेटला तो नव्याने बनवता येत नाही. मात्र या गोळीने जठरात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका खरा असल्याने, डॉक्टरांच्या सल्ल्याविना ती सुरू करणे घातक ठरू शकते. ब्रिटनमधून चालवल्या जाणाऱ्या 'ॲड-ॲस्पिरिन' चाचणीत मुंबईचे टाटा स्मारक केंद्रही सहभागी आहे. तिच्यात स्तन, आतडे, जठर-अन्ननलिका आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावर प्राथमिक उपचार झालेल्यांना १०० किंवा ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, अथवा औषधविरहित गोळी, किमान पाच वर्षे रोज देण्याची योजना आहे.