खाडीचा चिखल काळा का?

ओहोटी लागली, खाडीकाठचा चिखल उघडा पडला. वरची ही सोनेरी-तपकिरी साय डायटमची आहे. पाणी ओसरलं की हे एकपेशीय जीव उन्हाकडे वर सरकतात आणि भरतीआधी पुन्हा गाळात उतरतात. सरकताना त्यांच्यातून चिकट द्राव सुटतो. गाळाचे कण त्यानेच एकमेकांना धरून राहतात.

आता फावड्याने वीतभर खोल उभा काप घेऊ. वरचे काही मिलिमीटर तपकिरी, खाली एकदम काळं. सडक्या अंड्याचा वास. बघणारा म्हणतो, सांडपाणी! सांडपाण्याने हा थर वाढतो हे खरं, पण स्वच्छ खाडीतही तो असतोच. गाळ इतका बारीक की प्राणवायू खाली झिरपण्याआधीच वरचे जीव तो संपवतात. मग खालचे जिवाणू प्राणवायूऐवजी सल्फेटवर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या गंधकाच्या क्षारावर, श्वसन करतात. लिटरभर समुद्राच्या पाण्यात ते सुमारे २.७ ग्रॅम असतं, त्यामुळे तुटवडा नाही. यातून निघतो हायड्रोजन सल्फाइड, हाच तो वास. गाळातल्या लोहाशी त्याची गाठ पडली की काळं आयर्न सल्फाइड तयार होतं.

कापातलं हे खेकड्याचं बीळ नीट पाहा. काळ्या चिखलात त्याच्या भिंतीला तपकिरी कड आहे. बिळातून हवा आणि भरतीचं पाणी आत जातं, तेवढ्यापुरता चिखल पुन्हा प्राणवायूत येतो. खेकडे गेले की ही सगळी नांगरट थांबते.

हे थर घरीही पाहता येतात. लिटरभराच्या पारदर्शक बाटलीचा तळाचा एक तृतीयांश भाग भरेल एवढा काळा चिखल घ्या, त्यात मूठभर फाडलेला वर्तमानपत्राचा कागद आणि चमचाभर उकडलेल्या अंड्याचा बलक कालवा. वर साधा चिखल भरा, मग दोन बोटं खाडीचं पाणी. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. बाटली हलकेच आपटून हवेचे बुडबुडे काढा. झाकण सैल ठेवा, आत वायू साठतो. खिडकीशी ठेवा, पण कडक ऊन टाळा.

काही आठवड्यांत तळाकडे हिरवे आणि त्यांच्या वर जांभळे डाग उमटतात. दोन्ही उजेडावर जगणारे गंधक-जिवाणू. हिरव्यांना सल्फाइड जास्त सोसतो, म्हणून ते खाली. बाटली नुसतीच काळी राहिली, तर बहुतेक उजेड कमी पडला किंवा बलक जास्त झाला. जागा बदलून आणखी महिनाभर वाट पाहा.