लाल पट्टी आणि राज्याची सीमा

श्रोतेहो, नमस्कार.

सुरत–भुसावळ मार्गावरील नवापूर स्थानक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये आहे, आणि फलाटावर चालताना राज्य कधी ओलांडले हे कळतही नाही. दिवाळी आटोपली की मुकादमाची उचल घेऊन धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या पाड्यांवरून बारडोली-सुरतकडे ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाला मात्र ही सीमा लगेच जाणवते, कारण अंगणवाडीचा आहार, वजनाच्या नोंदी आणि बाळाला नावाने ओळखणारी सेविका हे सारे सीमेच्या इकडेच राहते.

मागच्या होळीला मोलगी भागातल्या एका पाड्यावर नुकत्याच परतलेल्या एका आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले माता-बाल संरक्षण कार्ड मला दाखवले. ऑक्टोबरपर्यंतची वजने आमच्या सेविकाताईंच्या अक्षरात होती, पुढचे चार महिने कोरे होते, आणि लसींच्या रकान्यात गुजरातीत एक ओळ होती, जी आईलाही वाचता येईना आणि ताईंनाही. ताईंनी बाळाच्या दंडाला मोजपट्टी गुंडाळली. बाण लाल भागात, म्हणजे साडेअकरा सेंटीमीटरच्या आत थांबला; ही तीव्र कुपोषणाची खूण. ही पट्टी दोन्ही राज्यांत वापरतात आणि तिचा लाल रंग वाचायला कोणती लिपी यावी लागत नाही. डिसेंबरात पडावावर, म्हणजे ऊसतोड कुटुंबांच्या झोपड्यांच्या मुक्कामी, ती कोणी लावली असती, तर हे मूल इतके खंगण्याआधीच उपचारांना लागले असते, असे मला अजूनही वाटते.

दोन राज्यांनी ठरवले तर काय होऊ शकते, याचा दाखला आपल्याकडेच आहे. ऑगस्ट २०१९मध्ये राज्याबाहेर रेशन मिळण्याची सोय सुरू झाली, तेव्हा पहिल्या जोड्यांत महाराष्ट्र आणि गुजरात होते. त्यामुळे घरच्या वाट्याचे थोडे धान्य तिकडे आणि उरलेले गावी राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांना इकडे उचलता येते. धान्याच्या बाबतीत जे जमले, ते बाळाच्या वजनाच्या नोंदीबाबत का जमू नये? पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचे ॲप दोन्हीकडे एकच आहे आणि स्थलांतरित लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे नेण्याची सोय त्यात आहे. पण गावाबाहेरच्या उसाच्या शेतालगत झोपड्या टाकून राहणारी आई तिथली अंगणवाडी शोधत येईल, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तिथल्या सेविकेलाच पडावावर पाठवावे लागेल, आणि त्यासाठी कोणते कुटुंब कोणत्या मुकादमाबरोबर कुठे चालले आहे, याची यादी नंदुरबारहून सुरत आणि तापी जिल्ह्यांच्या कार्यालयांत आधी पोहोचली पाहिजे. होळीपूर्वी तशीच यादी तिकडून परत यायला हवी.

सरपंचांना आणि पोलीस पाटलांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदा गाड्या भरू लागतील, तेव्हा प्रत्येक कार्डावर आपल्या सेविकाताईंचा फोन नंबर ठळक आकड्यांत लिहून द्या.