झाडाची काकवी

(दृश्य : सकाळचं परसदार. गुडघाभर बर्फ. मेपलच्या बुंध्याला टांगलेली झाकणाची बादली.)

जरा कान द्या. टप्. बराच वेळ काहीच नाही. पुन्हा टप्.

कॅनडातलं दक्षिण ओंटॅरिओ, मार्चचा दुसरा आठवडा. रात्री पारा उणे 6 वर होता. आता दहा वाजलेत, ऊन बुंध्यावर आलंय, आणि रात्रभर मुकी असलेली बादली बोलायला लागलीय. दुपारपर्यंत टपटप इतकी वाढेल की थेंब मोजता येणार नाहीत.

परसात तीन मेपल आहेत. पहिली चार वर्षं आम्ही त्यांची फक्त पानं गोळा केली. ऑक्टोबरात, पोती भरभरून, कंबर धरून. झाड गोडही देतं, त्याचा रस आटवून पाक करतात, हे ऐकून होतो, पण ते मोठ्या मळेवाल्यांचं काम असंच वाटायचं. मग एका संध्याकाळी कुंपणापलीकडच्या आजोबांनी स्टीलच्या चार टोट्या आणून माझ्या हातावर ठेवल्या. त्यांच्या गोठ्यात जुन्या पत्र्याच्या बादल्याही होत्या, दिसायला सुरेख. पण त्या देईनात. जुन्या बादल्यांच्या जोडाला शिशाचा डाख असतो, म्हणाले, शोभेला ठेवायच्या.

(दृश्य : हातातलं ड्रिल. बुंध्यावर खडूची खूण.)

बुंधा निदान 25 ते 30 सेंटिमीटर जाड हवा. त्याहून बारीक झाडाला हात लावायचा नाही. भोक करंगळीपेक्षाही बारीक, 8 मिलिमीटरचं, आणि आत 4 ते 5 सेंटिमीटर. ड्रिल किंचित वरच्या दिशेला धरायचं, म्हणजे रस आपोआप बाहेर उतरतो. भुसा पांढरट, ओलसर निघाला तर लाकूड जिवंत. तपकिरी निघाला तर तिथे जुनी जखम आहे, रस मिळणार नाही. मग टोटी बसवायची आणि हातोडीने हलकेच ठोकायची. जोरात ठोकली की लाकूड चिरतं. ठोकताना आवाज बदलतो, ठक्‌ठक्‌चा जड ठप् होतो, तिथे थांबायचं. हे मला तिसऱ्या टोटीला कळलं.

एवढ्या थंडीत, अंगावर एक पान नसताना, झाड रस ढकलतं कसं?

साखर गेल्या उन्हाळ्याची असते. पानांनी कमावलेलं पीठ झाड लाकडात साठवून ठेवतं आणि थंडीत त्याची साखर होते. ढकलण्याचं काम करतं गोठणं आणि वितळणं. मेपलच्या लाकडातल्या काही पेशींत पाण्याऐवजी हवा असते. रात्री गारठ्यात ती हवा आकसते, आजूबाजूला बर्फ धरतो, आणि झाड मुळांकडून पाणी वर शोषून घेतं. सकाळी बर्फ सुटला की दबलेली हवा फुगते आणि रसाला रेटा देते. कुठेतरी भोक असेल तर रस तिथून बाहेर पडतो. म्हणून रात्र शून्याखाली आणि दिवस 4-5 अंशांवर, असाच खेळ चालू राहायला हवा. नुसती थंडी असो की नुसती ऊब, बादली कोरडीच. या दिवसांत आमच्या घरात बातम्या कोणी बघत नाही, सगळे हवामान बघतात.

(दृश्य : पेल्यात ओतलेला रस. काचेसारखा स्वच्छ.)

हा चाखून बघा. पाणी. अगदी शेवटी जिभेच्या टोकाला शंका येते, कोणी चिमूटभर साखर टाकलीय का? साखर असते साधारण 2 टक्के.

मी करवीर तालुक्यातली. मामांचं गुऱ्हाळ होतं. उसाच्या रसात 18 ते 20 टक्के साखर, तरी चुलाण किती तास धडधडायचं ते पाहिलेलं आहे. इथे त्याचा दहावा हिस्सा. म्हणजे 40 लिटर रस आटवला की एक लिटर पाक, तोही नशीब असेल तर. व्हिडिओ कॉलवर मामांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “अगं, चाळीस लिटरला एक? जळणाचा पैसा तरी निघतोय का?”

नाही निघत, मामा.

(दृश्य : रात्र. विटांची चूल, वर पसरट स्टीलचं पातेलं. वाफेचे लोट.)

आटवायचं बाहेरच. पहिल्या वर्षी आम्ही शहाणपणा करून स्वयंपाकघरात गॅसवर आटवायला गेलो. भिंतीला घाम फुटला, कपाटांची दारं फुगली, आणि छताचा रंग पापडासारखा सुटला. 39 लिटर पाणी घरात मोकळं सोडल्यावर दुसरं काय होणार!

रस दुधासारखा नासतो. बर्फात पुरून ठेवला तरी फार दिवस राहत नाही, म्हणून शनिवारी पहाटे चूल पेटते. काहिलीसारखं पसरट पातेलं हवं. जितकं तोंड मोठं तितकी वाफ जास्त. गार रस धारेनं ओतत राहायचा, उकळी मोडू द्यायची नाही. फेस उतू आला की लोण्याचा एक कण टाकायचा, लगेच बसतो. मामांच्याकडे मळी काढायला भेंडीचं पाणी घालायचे. इथे मळी तेवढी नसते, पण तळाशी बारीक वाळूसारखा क्षार बसतो, तो शेवटी जाड लोकरी फडक्यातून गाळावा लागतो.

दुपारपर्यंत काही घडत नाही. वाफ, लाकूड, वाफ. संध्याकाळी रंग चहाच्या पाण्यासारखा होतो आणि वास येतो. रसात हा वास नसतो, तो आचेवर घडतो. खरपूस, थोडा व्हॅनिलासारखा, थोडा काकवीसारखा. कुत्रं फिरवायला निघालेली माणसं या वासावर कुंपणाशी थांबतात.

शेवटची पंधरा मिनिटं कठीण. त्या दिवशी पाणी ज्या तापमानाला उकळतं, त्याच्या 4 अंश वर गेलं की पाक झाला. ‘त्या दिवशी’ म्हणायचं कारण, हवेचा दाब बदलला की पाण्याचा उकळबिंदूही सरकतो. आजोबा थर्मामीटर मानत नाहीत. पळी उचलून तिरकी धरतात. थेंब सुटे पडले तर कच्चा. थेंब एकत्र येऊन पदरासारखे लोंबले तर उतरवा. आमचे गुळव्या थेंब गार पाण्यात सोडून बोटांत गोळी वळून बघायचे. गंमत म्हणजे उतरवायचा हुकूम देताना दोघांचाही आवाज सारखाच चढतो.

पहिल्या वर्षीची एक गोष्ट राहिली. रात्री दोन वाजता मी मोजे बदलायला आत गेले. चार मिनिटं. परत आले तर पातेल्यात कोळसा, वर काळा धूर. अठरा तासांचं काम. कोणी काही बोललं नाही. मुलगा मात्र म्हणाला, “आई, मोजे छान आहेत.”

(दृश्य : बर्चच्या सालीची शिवलेली टोपली, जवळून.)

हे ज्ञान ना माझं, ना आजोबांचं. उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांच्या भोवतालचे अनिशिनाबे आणि इतर मूळ रहिवासी युरोपीय लोक येण्याआधीपासून हा रस गोळा करत आले आहेत. बर्चच्या सालीच्या भांड्यांतून. ते पाकावर थांबत नसत, कोरडी साखर करत. ती वर्षभर टिकायची आणि वाहायला सोपी. रात्री रस गोठू द्यायचा आणि वरचा बर्फ फेकून द्यायचा, ही त्यांचीच युक्ती. बर्फात बहुतेक पाणी जातं, साखर खाली उरते. आम्हीही तेच करतो, निम्मं जळण वाचतं.

आज जगातला बहुतेक मेपल पाक कॅनडाच्या एकट्या क्युबेक प्रांतात होतो. तिथे त्याचा राखीव साठा असतो, पिंपांत भरून. 2012 साली त्या साठ्यातून सुमारे 3000 टन पाक चोरीला गेल्याचं उघडकीला आलं! माझ्या फडताळात आहेत चार बाटल्या. कुलूप नाही.

(दृश्य : एप्रिल. फांदीच्या टोकाला फुगलेली कळी.)

कळ्या फुगल्या की संपलं. रस येतो, पण पाकाला उग्र, ओशट वास लागतो. आजोबा फांदीकडे बघतात आणि बादल्या उलट्या करून ठेवतात. टोट्या काढायच्या, भोक तसंच सोडायचं. झाड ते स्वतः बुजवतं. पुढच्या वर्षीचं भोक त्याच्यापासून वीतभर बाजूला पाडायचं.

पाडवा याच दिवसांत येतो. एक बाटली पुन्हा चुलीवर चढते, 113 अंशांपर्यंत जाते, मग घोटून घोटून साच्यात. दोरा आधीच आडवा घातलेला. गाठी तपकिरी होते, जराशी वाकडी. गुढी उभी राहते ती मेपलच्या शेजारीच, अजून चिखल आणि बर्फ असताना.

(दृश्य : बुंध्यावर खार.)

ही खार रोज येते. लाल खारी मेपलची साल दातांनी फोडतात आणि निघून जातात. पाणी उन्हात उडून जातं, सालीवर साखर वाळते. मग येऊन चाटतात.

आज ती आमच्या टोटीच्या भोकाशी बसलीय.